एक ठोका जास्त

नळाच्या धंद्यात मी बरीच भुतं पकडली. नांदेडच्या जुन्या गावात तर वर्षात दोन-चार हमखास निघायची. कुणाच्या मोरीत कोणी दात खातं, कुणाच्या भिंतीत बाई कण्हते, कुणाच्या संडासावरच्या टाकीत मूल रडतं. गंडे-दोरे करून थकले की लोक मला बोलवायचे. मी पाना, सुतळी आणि सफेद्याचा डबा घेऊन जायचो आणि चहा उकळेपर्यंत भूत काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचो. झिजलेला वॉशर, ढिला व्हॉल, पाईपात कोंडलेली हवा. एका म्हाताऱ्या बीबींना तर वॉशर दाखवल्यावर वाईटच वाटलं. त्या म्हणाल्या, "अरे बेटा, मी त्याच्याशी दोन वर्षं बोलून राहिले होते."

या कामाची युक्ती सोपी आहे. लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, टोक पाईपवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. पाईपात जे काही चाललंय ते सगळं ऐकू येतं. गळती कुठे आहे, पाणी कुठे अडलंय, आवाज वरून येतोय की खालून, हे कानच सांगतो. लोखंडी पाईपला गुपित ठेवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावर कोणी तांब्या आपटला तरी तळमजल्याला समजतं. आताचा प्लास्टिकचा पाईप मात्र मुका. गळून गळून भिंत पडायला येते तरी तो शब्द काढत नाही. मला तो कधी आवडला नाही आणि या वयात आवडण्याची शक्यता नाही.

अशी सगळी भुतं पकडलेल्या माणसाकडून एक भूत सुटलं. ते लातूरचं. त्याची हकीकत म्हणजे खरं तर हवालदार बिराजदारांची हकीकत आहे. ते आता नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही.

भूकंपानंतर मी नांदेडहून लातूरला आलो. सगळीकडे बांधकाम निघालं होतं आणि नळवाले कमी होते. त्या काळातलं लातूर ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, चांगली दुमजली घरं सोडून माणसं अंगणात, रस्त्याकडेला, पत्र्याखाली झोपायची. दार वाऱ्याने वाजलं तरी बायका पोरं काखेत मारून बाहेर. पुढे हळूहळू माणसं घरात शिरली आणि मग शिकवण्यांचा जमाना आला. मराठवाड्यातल्या प्रत्येक बापाला पोरगं डॉक्टर करायचं होतं आणि ते लातूरलाच होतं अशी समजूत पसरली. गल्लीगल्लीत वसतिगृहं उभी राहिली. मालक लोक खोलीत खोली काढायचे आणि मला म्हणायचे, "खलील मिस्त्री, इथं अजून एक मोरी बसती का बघा." एकाने तर जिन्याखाली बसवून मागितली. मी म्हटलं, बसेल, पण आंघोळ करणारा रांगत आत गेला पाहिजे. त्याने मुलं रांगतात का याचाही विचार केला असावा, कारण तो वाकून जिन्याखालची उंची मोजायला लागला.

अशाच एका मुलींच्या वसतिगृहात हवालदार राखणदार होते. निलंग्याकडचा माणूस, किल्लारीजवळच्या गावचा. सैन्यातून निवृत्त झालेला. उंच, वाळलेला, मिशी कातरलेली, हातात वेताची काठी. तळमजल्यावर एका खोलीत ते आणि त्यांच्या पत्नी सुलोचनावहिनी राहायचे. वहिनींचा एक पाय भूकंपात चेचला होता, त्यांना जिना चढता येत नसे. आणि दिवेलागणीनंतर मुलींच्या मजल्यांवर पुरुषाने पाऊल टाकायचं नाही, हा हवालदारांनी स्वतःच स्वतःला घालून दिलेला नियम होता. मग सगळ्या मुली परत आल्या की नाही हे बघणार कसं? वीज तर संध्याकाळी हमखास जायची, त्यामुळे घंटीचा उपयोग नव्हता.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं. इमारतीच्या मागच्या बाजूने एक उभी लोखंडी लाईन सगळ्या मजल्यांवर गेलेली होती, प्रत्येक खोलीच्या मोरीला चिकटून. दिवे लागायच्या वेळी हवालदार खाली उभे राहायचे आणि काठीने त्या पाईपवर तीन ठोके द्यायचे. मग एकेका खोलीतून उत्तर यायचं. स्टीलच्या पेल्याने, बादलीच्या कडीने, एकेक ठोका. आधी पहिला मजला, मग दुसरा, मग गच्चीखालची कोपऱ्यातली खोली. मुलींना मजा वाटायची. त्या त्यांना फौजीमामा म्हणत.

त्या संध्याकाळी मी पाईपला पेचकस लावूनच बसलो होतो, गळती शोधत. गच्चीखालच्या खोलीचा ठोका आला. झालं, असं मला वाटलं. पण हवालदार हलले नाहीत. मान किंचित कलती करून उभे राहिले. थोडा वेळ गेला आणि आणखी एक ठोका आला. हलका, बोटाच्या पेराने वाजवावा तसा. तेव्हा कुठे ते ताठ झाले आणि म्हणाले, "सगळे हाजिर."

मी पेचकस खाली ठेवला. बाकीचे सगळे ठोके वरून आले होते. हा खालून आला होता. आणि खाली त्या पाईपचं टोक जमिनीत गेलेलं होतं, तिथे डमी बसवलेली, म्हणजे झाकण घालून कायमचं बंद केलेलं. पुढे काही नव्हतं.

मी मनाची समजूत घातली. लोखंड दिवसभर उन्हात तापतं, सांजेला आवळतं, तेव्हा वाजतं. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. फक्त आवळणारं लोखंड केव्हाही वाजतं. सगळ्या मुलींची उत्तरं संपेपर्यंत थांबायची रीत त्याला नसते.

पुढे माझं तिथे येणं-जाणं वाढलं. लातूरच्या बोअरचं पाणी खारं, पाईपात चुन्याचा थर धरायचा, त्यामुळे काम कायम निघायचं. हवालदार बोलायला कमी, पण माणूस लई मायेचा. वहिनींच्या पायाला रोज दुपारी तेल लावायचे, तेही दार उघडं ठेवून, कोणी पाहिलं तर पाहू दे अशा बेताने. मुलगा धनाजी नांदेडला नोकरीला होता. त्याच्याकडे कोणी निघालं की याच्या हाती शेंगाची चटणी, त्याच्या हाती तुरीची डाळ चाललेलीच. मला तर त्यांनी टपालखातंच करून टाकलं होतं.

त्यांच्या घरात एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. तिथे कधी भाकरी नसायची. निलंग्याकडची माणसं, लातुरात राहतात, आणि तिन्ही त्रिकाळ चपाती! चटणीसुद्धा विकतची, कुटलेली नाही. वहिनी धुणंही आपटत नसत, पिळून काढत. एकदा मी चेष्टेत म्हटलं, "वहिनी, फौजेत राहून साहेबांना चपातीची सवय लागली वाटतं." त्या हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. हवालदार मला बाहेर घेऊन गेले आणि पाराच्या कट्ट्यावर बसून त्यांनी एकदाच, पुन्हा कधी नाही, सगळं सांगितलं.

सैन्यात ते पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होते. घरी आले आणि फंडाच्या पैशातून गावात घर बांधलं. पहाडी दगडाच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. "सगळ्या गावात आमची भित जाड," ते म्हणाले. गणपती बुडवून आले त्या पहाटे ते अंगणात बाजेवर पडले होते. घरात वहिनी आणि धाकटी मुलगी कस्तुरा. धनाजी लातूरला शिकायला. जमीन हलली आणि ती जाड भिंत आणि ते जाड माळवद दोन्ही आत बसलं.

"मी समद्यांला वरडून गप केलं," हवालदार सांगत होते. "फौजेत आमाला शिकवलं हुतं. दबलेल्याला हुडकायचं तर आधी गप बसायचं. मग तीन ठोके द्यायचे आन ऐकायचं. दगडावर दगडानं तीन ठोके दिले. खालनं उत्तर आलं. तिथं उकरलं. घरची निघाली. हातात तांब्या हुता, त्यानं वाजवीत हुती."

"आणि मुलगी?"

"घरची म्हनली, 'कस्तुरा माझ्या उशाला हाय, मी वाजवती बगून ती पन बोटानं वाजवून राहिली. माझ्या तांब्याच्या आवाजात तिचा तुमाला ऐकू गेला नसंल.' मी पुन्हा तीन ठोके दिले. पर तवर दिवस वर आला हुता. गाड्या आल्या, माणसं आली, पाव्हनं, पुढारी, बगे. मी हात जोडले, पाया पडलो, म्हनलं जरा गप ऱ्हावा. मिस्त्री, सगळा मुलूख बगाया आला, पर गप कुनी बसंना."

ते उठले आणि चालू लागले. वहिनींनी त्या दिवसापासून हाताने आवाज करायचा सोडला होता. भाकरी थापायची म्हणजे थापटण्याचा आवाज आलाच. त्या घरात ती पुन्हा थापली गेली नाही.

मला त्यानंतर त्या पाईपजवळ एकटं काम करायला नको वाटायचं. भर दुपारी मुली शिकवणीला गेलेल्या, इमारत रिकामी, आणि हातात तो पाईप. पान्याचा एकेक आवाज खाली जमिनीत उतरत जायचा आणि खाली कोणी तो ऐकतंय असं वाटायचं. मी बाहेर रिक्षावाल्यांच्या गलक्यात जाऊन बिडी ओढायचो.

त्या ठोक्यांचा एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला, तोही सांगतो. मुदखेडची एक मुलगी होती. परीक्षेत मार्क घसरले, घरी काय सांगू म्हणून मोरीची कडी घालून आत बसली. संध्याकाळी तिच्या खोलीचा ठोका आला नाही. सोबतच्या मुली दार बडवायला लागल्या, रडायला लागल्या. हवालदारांनी खालून आवाज दिला, "दार बडवू नका. गप बसा समद्या." मग त्यांनी काठीने तीन ठोके दिले. थांबले. पुन्हा तीन दिले. थांबले. रागाने नाही, घाईने नाही. कितीतरी वेळ ते तसेच वाजवत राहिले आणि वहिनी दारात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेवटी वरून एक ठोका आला. मग कडी निघाली. हवालदार भिंतीला टेकले तेव्हा त्यांचा सदरा ओला झाला होता.

मग तो कोरडा उन्हाळा आला, रेल्वेने पाणी आणावं लागलं तो. नळ महिनोन्‌महिने कोरडे, टँकरचं पाणी मिळेल तसं. त्या वर्षी मालकाने ठरवलं की जुने चोंदलेले लोखंडी पाईप काढून सगळीकडे प्लास्टिक टाकायचं. हजेरीला अंगठ्याचं यंत्र येणार होतं, प्रत्येक मुलीकडे मोबाइल होताच. "आता हे ठोकाठोकी बास झाली," मालक म्हणाले. काम मला दिलं.

सामान उतरवत होतो तेव्हा हवालदार आले. माझा हात धरून जिन्याखाली नेलं.

"मिस्त्री, ती उभी लाईन काढू नको."

"मालकाने सांगितलंय, साहेब."

"आयक. शेवटचा ठोका घरची देती. आमच्या मोरीतनं, बोटानं. कस्तुराच्या नावानं. तिला वाटतं मला ठावं न्हाई. मी बी कधी बोललो न्हाई. इतक्या वर्सांत ती तेवढाच एक आवाज करती, मिस्त्री. त्यो बंद झाला तर ती निस्ती भितीगत व्हईल."

मला एकदम हलकं वाटलं. बघा, निघालं की नाही कारण! हेही भूत वॉशरचंच म्हणायचं. मी त्यांना शब्द दिला नाही, बघतो म्हणालो.

त्याच दुपारी वहिनींनी चहाला बोलावलं. हवालदार बाजारात गेले होते. कप माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "भाई, एक मागनं हाय. त्यो पाईप ऱ्हाऊ द्या."

"साहेबांनी सांगितलं मला," मी बोलून जाणार होतो, पण त्यांनीच पुढे सुरू केलं.

"शेवटचा ठोका हेच देत्यात. बुटाच्या टाचनं. मला कळू देत न्हाईत. पोरीला हाजरीत धरत्यात आन मग 'सगळे हाजिर' म्हनत्यात. ते झाल्याबिगर त्यांला घास जात न्हाई. पाईप गेला तर मानूस जाईल, भाई."

चहा तसाच राहिला. मी एवढंच विचारलं, "वहिनी, तुम्ही कधी वाजवत नाही?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "ह्या हातांनी? मी?"

संध्याकाळी मी मुद्दाम अशा जागी बसलो की दोघं एका नजरेत येतील. वहिनी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. दोन्ही हात परातीत. हवालदार पाईपपासून दोन पावलं मागे उभे, काठी दोन्ही हातांनी समोर टेकवलेली, बूट जागच्या जागी. तीन ठोके देऊन झाले होते. मुलींची उत्तरं आली, पहिला मजला, दुसरा, गच्चीखालची खोली. मग शांतता. रस्त्यावरून एक जीप गेली. आणि खालून तो हलका ठोका आला.

हवालदारांनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी हवालदारांकडे. इतक्या मायेने पाहिलं की मला मान फिरवावीशी वाटली. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. हातांकडे फक्त मी बघत होतो.

"सगळे हाजिर," हवालदार म्हणाले.

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी मालकाला गाठलं आणि म्हटलं, "साहेब, उभी लाईन तुळईत रुतली आहे. ओढली तर भिंतीला तडा जाईल." लातुरात हा एक शब्द पुरतो. कितीही मोठा मालक असो, तडा म्हटलं की त्याचा आवाज खाली येतो. "मग ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मी नवीन प्लास्टिक शेजारून नेलं आणि लोखंडी लाईन तोडून मोकळी केली. वर टाकी नाही, खाली हौद नाही, आत थेंब नाही. कशालाच न जोडलेला पाईप भिंतीवर उभा राहिला. मी तेव्हा खालची डमीही उघडून पाहिली, खोटं कशाला बोलू. आत चुना होता आणि त्याखाली काळी माती. मी अल्लाचं नाव घेऊन डमी परत बसवली.

त्या संध्याकाळीही ठोका आला.

काही वर्षांनी हवालदारांच्या छातीचं दुखणं वाढलं. धनाजीने दोघांना नांदेडला नेलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, हाजरी कोन घेतं रं आता?" मी म्हटलं, यंत्र घेतं. त्यांनी मान हलवली. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. दोन दिवसांनी, वहिनी पायाशी बसलेल्या असताना, ते गेले. मी मातीला होतो. फौजेतले दोन-तीन जुने सोबती आले होते, त्यांनी सलामी दिली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

दिवस झाल्यावर वहिनी खोली रिकामी करायला लातूरला आल्या. सोबत धनाजी आणि सामानाला टेंपो. मी मदतीला गेलो. सामान ते काय? बाज, पेटी, भांडी, ती काठी. सगळं चढवेपर्यंत दिवेलागण झाली. मुली शिकवणीहून परतल्या होत्या. बहुतेक नव्या, पण जुन्यांनी त्यांना फौजीमामांच्या गोष्टी सांगितलेल्या. त्या कठड्याला टेकून खाली बघत होत्या.

वहिनींनी टेंपोतून काठी काढून घेतली. लंगडत पाईपजवळ गेल्या. धनाजी म्हणाला, "आई, चल, अंधार पडंल."

"थांब जरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काठी उचलली.

मी त्या बाईंना इतकी वर्षं ओळखत होतो. पेला ठेवतानासुद्धा त्यांचा आवाज आला नव्हता. त्यांनी पाईपवर तीन ठोके दिले, मोठे, स्पष्ट.

कठड्यावरच्या मुली धावत आपापल्या खोल्यांत गेल्या. एकेक उत्तर येऊ लागलं. पहिला मजला. दुसरा. गच्चीखालची खोली. मग सगळं गप्प झालं. टेंपोवाल्याने काही न सांगता इंजिन बंद केलं. माझ्या खिशात पेचकस होता, पण तो काढायची गरज पडली नाही.

खालून ठोका आला. नेहमीचा, बोटाच्या पेराचा.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या, मान किंचित कलती करून, हवालदार राहायचे तशा. आणि त्या ठोक्याच्या अगदी शेजारून दुसरा ठोका आला. जाड, सावकाश, घाई नसलेला. मुदखेडच्या मुलीसाठी कितीतरी वेळ वाजत होता, तसला.

धनाजीने माझा दंड धरला.

वहिनींनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, "सगळे हाजिर."

मग त्या धनाजीकडे वळल्या. "परात काड रं टेंपोतली. आन मेसमधनं ज्वारीचं पीठ घिऊन ये. जेवूनच निगू. भाई, तुमी बी थांबा."

मुली जिन्यावर येऊन गप्प उभ्या होत्या. मी उंबऱ्याशी बसलो. आतून भाकरी थापायचा आवाज येत होता.